आधी नंबर, मग एमएड

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते आणि मुलुंडच्या एका खाजगी शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. बीए, बीएड (साधं) झालंय. दरवर्षी वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात की तोंडी सगळं सांगतात, पण वहीत काही उतरत नाही. त्यांच्यासाठी काहीतरी करावं म्हणून विशेष शिक्षणात मास्टर्स करायचं मनात आहे. एका विद्यापीठाचा ऑनलाइन एमए पाहिलाय, नोकरी सांभाळून होईल. घरचे म्हणतात, छत्तिसाव्या वर्षी हे काय नवीन? काय करू?
– एक शिक्षिका, डोंबिवली

उत्तर : घरच्यांचं आधी निकालात काढू. माझी नोकरीची सगळी वर्षं विशेष शिक्षिका तयार करण्यातच गेली. पस्तिशी-चाळिशीतल्या विद्यार्थिनी दरवर्षी असायच्या आणि प्रॅक्टिकलला बहुतेक वेळा त्याच उजव्या ठरायच्या. मूल किंचाळलं, वही फेकली, तरी त्या दचकत नसत. तेव्हा वयाचा विषय संपला.

आता तो ऑनलाइन एमए. पैसे भरण्याआधी एकच गोष्ट विचारा : यानंतर आरसीआयचा नंबर मिळतो का? विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. हा 1992 चा कायदा आहे. नोंदणीशिवाय काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं त्यात लिहिलंय. (हजार रुपयांना मुंबईत आता कोण घाबरतं, ते सोडा.) पण शाळा नेमणूक करताना नंबर मागते, आणि परिषदेची मान्यता नसलेल्या पदवीवर तो मिळत नाही. मग विद्यापीठ कितीही मोठं असो.

तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं पुढचं. मान्यता असलेलं मास्टर्स म्हणजे विशेष शिक्षणातलं एमएड, आणि त्याला साध्या बीएडवर थेट प्रवेश नाही. त्यासाठी विशेष शिक्षणातलं बीएड हवं, नाहीतर तुमच्या बीएडला जोडून परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा डिप्लोमा. शिवाय पन्नास टक्के गुण. विशेष बीएड दोन वर्षांचं, पुढे एमएडही दोन वर्षांचं. म्हणजे चार वर्षं. आणि खरं सांगू? तुम्ही लिहिलंय त्या कामाला एमएड लागतच नाही. एमएडमध्ये संशोधन, आकडेशास्त्र, प्रबंध, अभ्यासक्रम आखणं हे येतं. कॉलेजात शिकवायचं असेल, पुढे पीएचडी करायची असेल, तर ते हवंच. मुलाशेजारी बसून वाचायला शिकवायचं कसब विशेष बीएडच्या प्रॅक्टिकलमध्ये येतं. माझं ऐकाल तर विशेष बीएड करा, नंबर घ्या, तीनेक वर्षं मुलांत काढा आणि मग एमएडचं बघा. तोवर प्रबंधाचा विषय आपोआप हाताशी येतो.

तुमचा तर आत्ताच आलाय. तोंडी उत्तर देणारा पण लिहिताना अडणारा सहावीतला मुलगा ‘घर’ला ‘धर’ वाचतो, ‘भात’ लिहायला गेला की ‘मात’ लिहितो, आणि ‘कष्ट’ आलं की थांबून तुमच्या तोंडाकडे बघतो. ‘ष्ट’ त्याला एक अनोळखी चित्र दिसतं. ‘ष’चा अर्धा भाग आणि ‘ट’ वेगवेगळ्या रंगांच्या कार्डांवर काढून, जवळ सरकवून दाखवले की तो वाचतो. पुढच्या ओळीत पुन्हा अडतो. हे रोज, न कंटाळता करायचं असतं. मुंबईत बरंचसं साहित्य इंग्रजी शाळांतल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेलं दिसतं. जोडाक्षरं आणि वेलांट्या-उकार यांवर काम करणारी मराठीची शिक्षिका हवीच आहे.

प्रवेश घेताना अक्षमतेचा प्रकार निवडावा लागतो. तुमच्या वर्गातल्या मुलांसाठी निवडायची ती अध्ययन अक्षमता, म्हणजे एलडी : वाचताना-लिहिताना अडणं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे. त्यासाठी जुहूच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात चौकशी करा. दादरला उतरून पश्चिम रेल्वेने सांताक्रूझ, हा प्रवास मात्र धरून चाला. श्रवणदोषाकडे वळलात तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आहे, चेंबूरचं हशू अडवाणी कॉलेज आहे. कुर्ल्याला हार्बर पकडली की चेंबूर तुम्हाला सोपं.

नोकऱ्यांचं म्हणाल तर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि 2022 मध्ये केंद्राने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक असं ते ठरवलं. सरकारी पदं भरायची गती तुम्हाला ठाऊक आहेच. खाजगी शाळांच्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांना वेगळं बसवून शिकवायच्या खोलीत, मात्र माणसं लागतात. तिथे ‘शॅडो टीचर’ म्हणून, म्हणजे वर्गात एका मुलाशेजारी बसून मदत करायला, बिननोंदणीच्या मुली तुटपुंज्या पगारावर राबवतात. त्या वाटेला जाऊ नका.

नियमित बीएडला पूर्णवेळ हजेरी आणि विशेष शाळेतलं प्रॅक्टिकल असतं, नोकरी सांभाळून ते जमणार नाही. मुख्याध्यापिकांकडे दोन वर्षांची बिनपगारी रजा मागून बघा. शाळेला रिसोर्स रूम काढायची असेल तर त्यांनाही तुमची गरज पडेल. आणि फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावरची यादी उघडा. कॉलेजचं नाव, अक्षमतेचा प्रकार आणि मान्यतेचं वर्ष, तिन्ही जुळली तरच पैसे भरा.