वाचक विचारतात : गादी कडक हवी की मऊ?

(या वेळी उत्तरं देणाऱ्या ताई मिरजेत गाद्या-उशांचा छोटा कारखाना चालवतात. सासरे पिंजारी. त्यांच्या हाताखाली ताई कापूस ओळखायला शिकल्या, आता फोम आणि काथ्याच्या गाद्याही करतात. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत.)

ताई, माझ्या मिस्टरांचं वय ४६, वजन ८८ किलो. कंबर दुखते म्हणून जो तो सांगायचा, ‘कडक गादी घ्या.’ शेवटी पाच इंची काथ्याची ‘ऑर्थोपेडिक’ गादी घेतली. त्यांना बरं वाटतंय, पण माझा खांदा आणि खुबा आता रात्रभर ठणकतो. मी ५१ किलोची, कुशीवर झोपते. पुन्हा नवी गादी घ्यायची का? – एक वाचक, सिन्नर

लगेच घेऊ नका. आणि ‘तुलाच काही सोसत नाही’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर तेही मनावर घेऊ नका.

गादी कडक की मऊ, हे नुसत्या गादीवर ठरत नाही. ८८ किलोच्या माणसाखाली जी गादी बऱ्यापैकी दबते, ती ५१ किलोच्या बाईला पाटासारखी लागते. त्यात तुम्ही कुशीवर झोपता. कुशीवर सगळा भार येतो खांद्यावर आणि खुब्यावर. हे दोन भाग थोडे आत गेले तरच कमरेच्या खळगीला खालून टेकू मिळतो. गादी दबलीच नाही, तर हाडं रुततात आणि कंबर अधांतरी राहते. उलट गादी फार मऊ असली की खुबा खोल जातो आणि पाठीची झोळी होते. दोन्हीकडे पाठीचे हालच.

मिरजेत दवाखाने भरपूर. त्यामुळे हातात कागद घेऊन ‘कडक गादी द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक आमच्याकडे रोज येतं. जुन्या डॉक्टरांनी तर लोकांना फळीवर झोपवलं. पण हाडांच्या एका डॉक्टरांनी, तेही आमचं गिऱ्हाईकच, मला एक अभ्यास समजावून सांगितला होता. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. स्पेनमध्ये जुनं कंबरदुखणं असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली. ९० दिवसांनी पाहिलं, तर मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. तेव्हापासून मी ‘सगळ्यांत कडक दाखवा’ म्हणणाऱ्याला आधी मधली गादी दाखवते. राहिलं ‘ऑर्थोपेडिक’. तो शिक्का गादी विकणारा मारतो, डॉक्टर नाही. मीही विकते, म्हणून सांगतेय.

आता तुमच्यापुरतं. घरात जुनी पातळ कापसाची गादी असेल तर ती फक्त तुमच्या बाजूला, काथ्याच्या गादीवर घाला. आठ-दहा रात्री झोपून बघा. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घ्या, म्हणजे वरचा पाय खाली ओढला जात नाही. खांद्याची कुरकुर थांबली, तर पैसे खर्च करायचेत ते दीड-दोन इंचांच्या मऊ थरावर, तोही तुमच्या बाजूपुरता. अख्खी गादी बदलायचं कारण नाही.

पुढे कधी नवी घ्यायची वेळ आली, तर ७२ इंची रुंदीच्या पलंगावर ३६-३६ च्या दोन गाद्या करून घ्या. त्यांची वेगळी, तुमची वेगळी, वरून एकच खोळ. मधली फट बोचते अशी तक्रार येते, पण खोळ घट्ट शिवली तर फारशी जाणवत नाही. नवराबायकोने वेगळ्या गाद्या करायच्या म्हटलं की सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो, ते तुम्ही सांभाळा.

एक मात्र सांगते. मिस्टरांच्या पायात मुंग्या-बधिरपणा उतरत असेल, पाय लटका पडत असेल, किंवा दुखण्यासोबत ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. लघवी-संडासवरचा ताबा जातोय असं वाटलं, तर त्याच दिवशी जा, सकाळची वाट बघू नका.

आईच्या लग्नातली कापसाची गादी माळ्यावर पडून आहे. सून म्हणते टाकून द्या, मला ती पिंजून घ्यायची आहे. पण पिंजणारे कापूस बदलतात, असं ऐकते. खरं का? – एक आजी, अकोला

आजी, तुम्ही कापसाच्या मुलखातल्या. तुम्हाला मी कापूस शिकवावा, हे म्हणजे अतीच झालं. पण विचारलंत, तर सांगते.

आधी गादी उसवून बघा. एका कोपऱ्याचे टाके काढून मूठभर कापूस बाहेर घ्या. कापूस पिवळा पडला म्हणून वाईट नसतो, जुना कापूस पिवळा पडतोच. बोटांनी ओढा. तंतू लांबले, मग तुटले, तर तो पिंजून पुन्हा उभा राहतो. ओढताच भुगा पडत असेल, तर त्यात जीव उरलेला नाही. काळे बुरशीचे डाग किंवा उंदराने घर केलेलं दिसलं, तर मात्र सुनेचं ऐका.

कापूस बदलल्याची तक्रार खोटी नाही. आमच्याच धंद्यातली माणसं आहेत, नाव ठेवायला जड जातं, पण होतं असं. चांगला कापूस काढून घेतात आणि गिरणीतला उरलासुरला, नाहीतर होजिअरीच्या चिंध्या पिंजून भरतात. तो दिसतो पांढराशुभ्र, आणि तिथेच माणूस फसतो. शेतातल्या कापसाला किंचित सायीचा रंग असतो, पानाचा एखादा कण, क्वचित सरकीचं टरफल सापडतं. शंका आली तर चिमूटभर कापूस चिमट्यात धरून काडी लावा. कापूस कागद जळल्यासारखा वास देऊन राख होतो. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो.

सगळ्यांत सोपं म्हणजे मशीनवाल्याला दारात बोलवायचं. गाडीवर मशीन लावून अंगणात पिंजून देणारे अजून फिरतात. गादी उसवली की पिंजायच्या आधी कापसाचं वजन करा. सिंगल गादीत दहा किलोच्या आसपास कापूस निघेल. पिंजताना धूळ उडून वजन घटतं, तेवढा नवा कापूस वरून घालावाच लागतो. नवा घेताना आखूड धाग्याचा देशी कापूस मागा. तो जरा खरखरीत असतो, पण लवकर चपटा होत नाही. सूत काढायला लांब धाग्याचा कापूस चांगला, गादीला नाही. कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, देत असेल तर घेऊ नका, हे तुम्हाला सांगायला नको. कापड गादीपाटाचंच घ्या, घट्ट विणीचं, नाहीतर महिन्याभरात कापूस बाहेर डोकावतो. दाभणाचे टाके वीतभर अंतरावर हवेत. मजुरी वाचवायला टाके लांब घातले की कापूस दोन्ही टोकांना सरकतो आणि मधे खड्डा पडतो.

पिंजताना नातवंडांना लांब ठेवा आणि तुम्हीही नाकाला पदर लावा. आमच्या सासऱ्यांना उतारवयात जो खोकला लागला, तो याच धुळीचा.

गादीत ढेकूण असतील तर आधी पलंगाचा बंदोबस्त करा. ढेकूण फक्त गादीच्या शिवणीत नसतो, लाकडाच्या फटीतही असतो. गच्चीवर गादी टाकली की सगळे मरतात, हा समज चुकीचा आहे. उन्हाची धग जाड गादीच्या आतपर्यंत पोचत नाही, ते सावलीच्या बाजूला सरकून बसतात.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. खोक्यात गुंडाळून येणारी मेमरी फोमची गादी मागवतोय. ‘नासाचं तंत्रज्ञान’, ‘शंभर रात्री वापरून परत करा’, असं लिहिलंय. घेऊ द्यावी का? – एक वडील, बार्शी

नासाचं खरं आहे. १९६६ मध्ये विमानाच्या आसनांसाठी, धक्का बसला तर माणसाला इजा कमी व्हावी म्हणून, नासासाठी केलेल्या कामातून हा फोम निघाला. पण तुमचा मुलगा काही विमानात झोपणार नाही.

हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि शरीराच्या आकाराप्रमाणे दबतो. खांदे-खुबे दुखणाऱ्यांना ते आवडतं. पण फोम अंगाला सगळीकडून धरतो, म्हणून ऊबही धरून ठेवतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये, वरच्या मजल्यावर, पंख्याखाली झोपणाऱ्याला घाम फुटेल. मुलगा उकाड्याने हैराण होणारा असेल, तर साधा चांगला फोम किंवा पॉकेट स्प्रिंग (प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असलेली गादी) बघावी. स्प्रिंगमधे हवा खेळते.

गादीत मेमरी फोम बहुतेक वेळा वरचा इंच-दोन इंचच असतो. खाली साधा फोम. गादी किती वर्षं टिकणार, हे त्या खालच्या फोमवर ठरतं, आणि जाहिरातीत नेमका तोच झाकलेला असतो. म्हणून डेन्सिटी विचारायची. ३२ डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ३२ किलो. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. जास्त डेन्सिटीचा फोमही मऊ असू शकतो, फक्त तो लवकर बसत नाही.

विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबायची गरज नाही, वजनकाटा आहे की. ७२ बाय ३६, चार इंची नुसत्या फोमची गादी ३२ डेन्सिटीची असेल तर फोम साडेपाच किलोच्या आसपास भरतो, ४० ची असेल तर पावणेसात. खोळीसकट तीन-साडेतीन किलो भरली, तर वीसच्याही खालचा माल आहे. वर्ष-दोन वर्षांत मधे खळगा पडणार. फक्त ‘बॉन्डेड’ फोमला हा हिशोब लावू नका. तो कातरणाचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला असतो, त्यामुळे फार जड भरतो आणि कडकही असतो.

शंभर रात्रींची सवलत असेल तर ती चांगलीच, दुकानात दहा मिनिटं आडवं होऊन जे कळत नाही ते घरी कळतं. मात्र परत न्यायला कोण येणार, भाडं कोण देणार, डाग पडला तर काय, हे मुलाला आधी वाचायला सांगा. गादी उघडल्यावर पहिले दोन-तीन दिवस वास येतो. खोलीची खिडकी उघडी ठेवून ती तशीच पडू द्यावी.

गादीला खालून बुरशी येते. घर चिपळूणला, बॉक्सचा बेड, वर सनमायका लावलेला प्लाय. दर पावसाळ्यात तेच. – एक वाचक

दोष गादीचा नाही, त्या सनमायक्याचा आहे. झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर ओल निघते. ती गादीतून खाली उतरते आणि गुळगुळीत गार पृष्ठभागावर अडकते. वर कोकणातली जुलैची हवा. सुताराला बोलावून प्लायला वीतभर अंतराने इंचभराची भोकं पाडून घ्या. बॉक्समध्ये रजया आणि जुने कपडे ठासून भरू नका. आठवड्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून दोन तास पंखा सोडा. पाऊस ओसरला की कापसाच्या गादीला भरपूर ऊन द्या. काथ्याच्या आणि लॅटेक्सच्या, म्हणजे रबराच्या, गादीला मात्र सावलीतलाच वारा द्यायचा. काथ्याचे धागे रबरानेच धरलेले असतात आणि कडक उन्हाने रबर चिरकतं. फोममध्ये काळे डाग आत शिरले असतील तर ती गादी काढून टाका, विशेषतः घरात कुणाला दमा असेल तर.

नातीला दीड महिना झालाय. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवून मिळेल का? – एक आजी, इस्लामपूर

नाही शिवणार. रागावू नका. पूर्वी आम्हीही भरपूर शिवल्या, बारशाला हमखास मागणी असायची. आता बालरोगतज्ज्ञ वर्षभर कुठलीच उशी नको म्हणतात. तान्ह्या बाळाला मान नीट सावरता येत नाही आणि उशीत किंवा मऊ गादीत नाक दाबलं गेलं तर ते स्वतःला सोडवू शकत नाही. बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवा. आजूबाजूला लोड, तक्के, सैल दुलई नको. उशी उसवून मोहरी सांडली तर ती नाका-तोंडात जाण्याची भीती वेगळीच.

डोकं एका बाजूला चपटं वाटत असेल तर बाळ जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, रोज थोडा वेळ पालथं घाला. झोपवताना एक दिवस खिडकीकडे तोंड, एक दिवस भिंतीकडे, असं करा. बसायला लागलं की बहुतेक बाळांचं डोकं आपोआप सुधारतं. मान एकाच बाजूला आखडलेली वाटली तर डॉक्टरांना दाखवा.

सुताराने बेड आतून ७४ बाय ५९ इंचांचा केला. दुकानात ७२ आणि ७५ इंच लांबीच्याच गाद्या मिळतात. कुठली बसेल? – एक वाचक, लातूर

कुठलीच नीट बसणार नाही. ७५ ची कोंबली तर मधे फुगेल आणि ७२ ची घेतली तर डोक्याशी दोन इंचांच्या खाचेत मोबाइल पडत राहतील. मापाप्रमाणे करून घ्या, दोन्हीकडून पाव इंच कमी सांगा. माप गादीचं नाही, बेडच्या आतलं घ्यायचं आणि तेही चारही कोपऱ्यांशी. सुताराचा काटकोन दर वेळी काटकोन असतोच असं नाही.