वाचकांचे प्रश्न : बाळ नेमकं कुठे बघतंय?

प्रश्न : आमचं बाळ 3 आठवड्यांचं आहे. मांडीवर घेतलं की ते माझ्या डोळ्यांत बघतच नाही, कपाळाच्या वर केसांकडे टक लावून राहतं. ते मला ओळखत नाही का?

उत्तर : ओळखतं, पण वेगळ्या खुणांवरून. या वयात नजर अंधूक असते. 20 ते 30 सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं, आणि गडद-उजळ रंगांची जिथे सीमा असेल तिथे डोळे आधी खेचले जातात. चेहऱ्यावर अशी सगळ्यांत ठळक सीमा म्हणजे कपाळ आणि केस यांची कडा. 1995 साली पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी अवघ्या 4 दिवसांच्या बाळांना आई आणि एक अनोळखी स्त्री, असे दोन चेहरे दाखवले. बाळं आईकडे जास्त वेळ बघत राहिली. दोघींचे केस रुमालाने झाकले, तेव्हा मात्र हा फरक उरला नाही. तुमचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ऐकत आलं आहे.

डोळ्यांची ओढ नसते असं मात्र नाही. 2 ते 5 दिवसांची बाळंही दुसरीकडे वळलेल्या नजरेपेक्षा थेट समोर बघणारा चेहरा जास्त वेळ पाहतात, हे फारोनी यांच्या गटाने 2002 मध्ये दाखवलं. ओढ जन्मतः असते. बारकावे टिपायला मेंदूला सराव लागतो. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस नजर चेहऱ्याच्या आतल्या भागावर, विशेषतः डोळ्यांवर स्थिरावते. समोरच्याला दिलेलं खरंखुरं हसूही त्याच सुमाराला, 6 ते 8 आठवड्यांत दिसू लागतं.

तोवर एवढं करा. पोट भरलेलं, जागं आणि शांत असेल अशी वेळ निवडा. चेहरा वीतभर अंतरावर, बाळाच्या समोर आणा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. चूक होते ती बहुतेक वेळा इथेच : खिडकीकडे पाठ करून बसलात तर बाळाला नुसती काळी आकृती दिसते. डोकं सारखं हलवू नका, कारण या वयात नजर हलत्या गोष्टीमागे सलग न जाता तुटक उड्या मारत जाते. दोन शब्द बोला, भुवया उंचवा आणि थांबा. मनात सावकाश दहा मोजा. बाळाचं उत्तर उशिरा येतं, आणि ते येण्याआधीच आपण पुढचं बोलून मोकळे होतो.

प्रश्न : साडेतीन महिन्यांची मुलगी खेळता खेळता मध्येच मान फिरवते. आम्ही खुळखुळा वाजवून तिला परत वळवतो. तिला आम्ही आवडत नाही की काय?

उत्तर : खुळखुळा खाली ठेवा. हलता चेहरा, आवाज आणि स्पर्श हे सगळं एकदम पेलताना ती थकते, आणि थांबायचं म्हटलं तर मान फिरवण्यावाचून तिच्याकडे फारसा उपाय नाही. गप्प राहा, चेहरा तिथेच असू द्या. ती आपणहून वळली की मग हसा.

उलट बाजूही महत्त्वाची आहे. ट्रॉनिक यांच्या 1978 च्या प्रयोगात आया काही मिनिटं निर्विकार चेहऱ्याने समोर बसल्या. बाळांनी आधी हसून, हात पुढे करून त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला. मग तोंड फिरवलं. म्हणजे आपण काही केलं की समोरून उत्तर येतं, ही अपेक्षा इतक्या लवकर तयार झालेली असते. क्षणभर लक्ष चुकलं तर बिघडत नाही. असे चुकलेले क्षण रोजच्या खेळात भरपूर असतात आणि ते सावरले जातात.

प्रश्न : 8 महिन्यांचा मुलगा आम्ही बोलताना डोळ्यांऐवजी ओठांकडे बघतो. हे ऑटिझमचं लक्षण आहे का?

उत्तर : एवढ्यावरून अजिबात नाही. 2012 मधल्या एका अभ्यासात 4 महिन्यांची बाळं डोळ्यांकडे, तर 8 महिन्यांची तोंडाकडे अधिक बघत होती. हे बडबडायला लागण्याचं वय. आवाज कुठून आणि कसा निघतो हे ती ओठांवरून शिकतात. घरच्या भाषेपुरती ही ओढ वर्षाच्या आसपास कमी होते.

दाखवायला न्यावं ते अशा वेळी : 3 महिने झाले तरी हसू नाही, 9 महिन्यांनंतर नावाला प्रतिसाद नाही, दीड वर्षापर्यंत बोटाने काही दाखवत नाही, किंवा आलेली गोष्ट कुठल्याही वयात नाहीशी झाली. बाळ लवकर जन्मलं असेल तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. डोळ्याची बाहुली पांढरट दिसली, किंवा फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक आली, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. अशा पांढरटपणाचं एक कारण म्हणजे जन्मजात मोतीबिंदू. तो वयाच्या 2 ते 6 महिन्यांत काढलेल्या मुलांनाही, पुढे कित्येक वर्षं नीट दिसत असूनही, डोळे-नाक-तोंड यांच्यातल्या अंतरांवरून चेहरे वेगळे ओळखणं जड गेल्याचं 2001 मध्ये आढळलं.