उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत पर्यावरणाला धरून अतिथिगृह बांधायचं, तर कोणता प्रकल्प अभ्यासावा?

तुम्ही आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रबंधासाठी उत्तरेच्या खडतर प्रदेशातलं अतिथिगृह हा विषय घेतलाय, आणि शोधायला बसलात की सगळीकडे काचेच्या घुमटांचेच फोटो समोर येतात. त्यातलं खरंच पर्यावरणाला धरून काय आहे आणि खोलात जाऊन काय अभ्यासावं, असं तुम्ही विचारलंय. मी थंड हवामानातल्या इमारतींवर काम करतो, म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. घुमट बाजूला ठेवा. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगत फोगो नावाचं बेट आहे, तिथलं फोगो आयलंड इन घ्या.

फोगोचा अक्षांश पाहून अनेक जण फसतात. तो साधारण ४९.७ अंश उत्तर, म्हणजे पॅरिसच्या जेमतेम वर. पण लॅब्राडोरचा थंड सागरी प्रवाह तिथून वाहतो. वसंतात किनाऱ्यासमोरून हिमनग जातात, आणि अटलांटिकचा वारा अडवायला झाडी फारशी नाही. बेट कॉड माशावर जगणाऱ्या कोळ्यांचं. १९६० च्या दशकात लहान, दूरच्या वस्त्या हलवून लोकांना मोठ्या गावांत नेण्याचं सरकारी धोरण होतं. फोगोकरांनी जायचं नाकारलं आणि मासेमारांची सहकारी संस्था उभी केली. त्याच सुमारास कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी दिग्दर्शक कॉलिन लो यांनी बेटावर बरेच लघुपट केले, आणि बेटकऱ्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून सरकारपर्यंत पोचलं. पुढे १९९२ मध्ये कॉडच्या मासेमारीवर बंदी आली आणि पिढ्यानपिढ्यांचा धंदा बसला. मूळच्या फोगोच्या झिटा कॉब तंत्रज्ञान क्षेत्रातली नोकरी सोडून परतल्या. त्यांनी भावांसोबत शोरफास्ट ही धर्मादाय संस्था काढली आणि २०१३ मध्ये हे २९ खोल्यांचं अतिथिगृह सुरू झालं. त्यातून उरणारा पैसा संस्थेमार्फत बेटाच्याच कामी लागतो.

हा इतिहास प्रस्तावनेत दोन ओळींत उरकू नका. इमारतीचा प्रत्येक मोठा निर्णय त्यातून आलाय.

आधी जमीन बघा. वास्तुरचनाकार टॉड सॉन्डर्स जवळच्याच गॅंडर गावचे, काम करतात नॉर्वेतल्या बर्गेनमधून. बेटावर मासे साफ करायची, जाळी ठेवायची जुनी लाकडी घरं खडकावर खांब रोवून उभी असतात. खडक फोडायचा नाही, आहे तसा ठेवायचा आणि खांबांची लांबी कमीजास्त करायची, ही तिथली जुनी रीत. अतिथिगृहाचा समुद्राकडचा भाग तसाच खांबांवर उभा आहे. बाहेरून स्प्रूसच्या फळ्या आहेत. जिथे पिढ्यानपिढ्या लोक स्वतःच्या होड्या बांधत आले, तिथे सडलेली फळी बदलायला कोणाला बाहेरून बोलवावं लागत नाही. हिवाळ्यात बर्फामुळे फेरीबोट अडते, अशा बेटावर याची किंमत फार मोठी आहे. ज्या यंत्राचा सुटा भाग तीन आठवड्यांनी येणार, ते कागदावर कितीही वीज वाचवत असलं तरी मी अशा ठिकाणी त्याची शिफारस करणार नाही.

आता उष्णता. तुमच्या प्रबंधाचा कणा हा असायला हवा.

घुमटाचं गणित स्वतः करून बघा. समजा ४० चौरस मीटर काच आहे. तीही उत्तम, तीन थरांची, यू-व्हॅल्यू ०.८ असलेली. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा, जितका कमी तितकं चांगलं. आत २० अंश, बाहेर उणे २५. चाळीस गुणिले ०.८ गुणिले ४५, म्हणजे १४४० वॅट उष्णता सतत बाहेर जाते. दिवसाला सुमारे ३५ युनिट, एका खोलीसाठी, आणि त्यात ताजी हवा तापवायचा खर्च धरलेलाच नाही. चांगली इन्सुलेशन केलेल्या भिंतीची यू-व्हॅल्यू ०.१५ पर्यंत आणता येते. म्हणजे उत्तमातली उत्तम काचही तेवढ्याच भिंतीच्या पाचपट उष्णता घालवते.

फोगोतही काच भरपूर आहे. प्रत्येक खोलीला समुद्राकडे जमिनीपासून छतापर्यंत खिडकी आहे. फरक असा की खोल्या एकमेकींना चिकटून, एकावर एक रचलेल्या आहेत. मधल्या खोलीच्या बाजूच्या भिंतींपलीकडे, खाली आणि वर गरम खोल्याच असतात, थंडीला सामोरी जाते ती मुख्यतः खिडकीची बाजू. हिवाळ्यात गुरं गोठ्यात एकमेकांना खेटून बसतात, तसंच हे. त्याच २९ खोल्या सुट्या कुटिरांत विखुरल्या असत्या तर प्रत्येक कुटीर सहाही बाजूंनी गारठलं असतं, शिवाय प्रत्येकापर्यंत पाण्याचे नळ गोठू न देता न्यावे लागले असते. विद्यार्थ्यांच्या आराखड्यांत मला सुटी कुटिरंच जास्त दिसतात, कारण ती निसर्गात मिसळल्यासारखी वाटतात. थंडीत ती सगळ्यात महाग पडतात.

यावर नॉर्वेतल्या वालदाल भागातलं युवेत लँडस्केप हॉटेल हे प्रामाणिक उत्तर आहे. वास्तुरचनाकार येन्सेन आणि स्कोदविन यांनी तिथे सुट्याच खोल्या केल्या, खडकात रोवलेल्या ४० मिलिमीटर जाडीच्या पोलादी कांबींवर. खडक फोडला नाही, झाडंझुडपं जवळजवळ तशीच राहिली. पण भिंती जेमतेम ५० मिलिमीटर लाकडाच्या, आणि त्या पहिल्या खोल्या उन्हाळ्यात वापरायच्या म्हणूनच आखल्या. वर्षातला काही काळ बंद ठेवणं हाही आराखड्याचाच एक निर्णय असू शकतो, आणि तो घ्यायचं धाडस फार कमी जण करतात.

फोगोची ऊर्जाव्यवस्था अगदी साधी आहे, आणि म्हणूनच मला ती आवडते. छतावर पाणी तापवणारी सौर पॅनेल, जोडीला लाकडावर चालणारे बॉयलर. ते गरम पाणी फरशीखालच्या नळ्यांतून फिरतं, धुलाई आणि स्वयंपाकघरालाही जातं. छतावरचं पावसाचं पाणी गाळून तळघरातल्या टाक्यांत साठवतात. ते शौचालयांसाठी वापरतात आणि उष्णता साठवायलाही तेच कामी येतं. हे सगळं ४९ अंशांवर जमतं, कारण तिथे डिसेंबरातही सूर्य उगवतो. हीच मांडणी उचलून नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमध्ये असलेल्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगियरब्येन गावाला, ७८ अंशांवर, नेऊ नका. तिथे हिवाळ्यात साडेतीन महिन्यांहून जास्त काळ सूर्य क्षितिजावर येतच नाही, नेमकी उष्णता लागते तेव्हाच. शिवाय तिथली जमीन कायमची गोठलेली. गरम इमारत थेट तिच्यावर टेकवली तर खालचा बर्फ वितळतो आणि पाया खचतो, म्हणून इमारती खांबांवर, खालून वारा खेळता ठेवून बांधतात. त्या गावाची वीज आणि उष्णता २०२३ पर्यंत कोळशावर होती, त्यानंतर डिझेलवर. म्हणजे तुमची इमारत कितीही शहाणी असली तरी तिला जोडलेली तार कुठून येते, हे लिहावंच लागेल.

स्नोहेटा या नॉर्वेतल्या वास्तुरचना संस्थेचा स्वार्त हा प्रकल्प तुमच्या यादीत असणारच. उत्तर नॉर्वेत स्वार्तिसेन हिमनदीच्या पायथ्याशी, वापरेल त्याहून जास्त ऊर्जा निर्माण करेल असं आखलेलं गोल हॉटेल. आराखडा २०१८ मध्ये जाहीर झाला, उद्घाटनाच्या तारखा मात्र पुढे ढकलल्या गेल्या. त्यातली सूर्याच्या मार्गाची मांडणी जरूर अभ्यासा, पण संकल्पचित्रांवरचे आकडे प्रत्यक्ष मोजलेले असल्यासारखे वापरू नका.

पुस्तकात बहुधा कोपऱ्यात जाते अशी एक गोष्ट म्हणजे ओल. पाहुणे भिजून येतात, दिवसातून दोनदा गरम पाण्याने अंघोळ करतात, ओले बूट खोलीत ठेवतात. ती वाफ भिंतीत शिरली की थंड थराला लागून तिचं पाणी होतं, आणि लाकूड आतून सडतं. बाष्परोधक थर उबदार बाजूला, म्हणजे आतून, सलग हवा. दिव्याच्या बटणासाठी पाडलेलं भोकसुद्धा नीट बंद करावं लागतं. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारी वायुवीजन यंत्रणा लागते. आणि प्रवेशाजवळ दोन दारांची मधली खोली आणि कपडे वाळवायची जागा सुरुवातीपासून आखा, नंतर ती कुठेच बसत नाही.

एका बाबतीत फोगोवरही माझा आक्षेप आहे. तिथे पोचायला पाहुणा गॅंडरपर्यंत विमानाने येतो, मग रस्ता, मग फेरीबोट. त्या विमानाचा धूर इमारतीच्या बचतीपेक्षा मोठा असू शकतो, आणि तिथलं भाडं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. यावर पूर्ण उपाय मला दिसत नाही. कमी पाहुणे, लांब मुक्काम, आणि खुर्चीपासून गोधडीपर्यंत सगळं बेटावरच्या हातांनी केलेलं, एवढं त्यांनी केलंय. आपल्या पैशातला किती वाटा कुठे जातो, हे पाहुण्यांना दाखवणारा तक्ताही ते देतात. तुमच्या प्रबंधातही असा तक्ता आणि प्रवासाचा हिशेब दोन्ही असू द्या. मार्गदर्शकांनी मागितला नाही, तरीही.

कामाला लागताना पहिला छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं दाखवणारं रेखाचित्र, जानेवारीतल्या पहाटे तीनचा काढा. वारा कुठून येतोय, बर्फाचा ढीग इमारतीच्या आडोशाच्या बाजूला कुठे साचतोय, आणि दार त्या ढिगात तर उघडत नाही ना, एवढं त्यात दिसू दे. काचेची जागा त्यानंतर ठरवा.