नगरसेवक महापौरांना शहराच्या सुरक्षेबद्दल जाब विचारू शकतात का?

विचारू शकतात, आणि विचारलाच पाहिजे. पण जळगाव असो की धुळे, कोणता प्रश्न कुणाला विचारायचा हे आधी बघा. महापौर महासभा चालवतात; अंमलबजावणीचे अधिकार १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांकडे असतात. पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली. त्यामुळे चोऱ्या-हाणामाऱ्यांवरून महापौरांवर कितीही तुटून पडलं, तरी ते फार तर पोलीस अधीक्षकांना पत्र देतील.

पथदिवे, खड्डे, उघडी गटारं, अग्निशमन, मोकाट कुत्री हे मात्र महापालिकेचंच काम. तिथे धरायचं! "शहर असुरक्षित का?" असं विचारलं की उत्तरही मोघमच येतं. त्याऐवजी लेखी विचारावं: या चौकापासून शाळेपर्यंत किती दिवे बंद आहेत, तक्रार कोणत्या तारखेला आली, दुरुस्तीचा ठेका कुणाकडे, त्याला दंड किती लावला? मग टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

संध्याकाळी शिकवणीहून अंधारातून सायकल दामटत घरी येणाऱ्या पोरी बघितल्या की माझा जीव खालीवर होतो. म्हणून सांगतो, महासभेच्या आधीच तुमच्या नगरसेवकाला बंद दिव्यांच्या खांबांचे नंबर कागदावर लिहून द्या.