चार वह्या शब्द आणि न उमगलेला उतारा

देवगड तालुक्यातून एका आंबा बागायतदार वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी मराठी माध्यमात शिकली, बी.कॉम. झाली, दोन वर्षं बँकेच्या परीक्षा देते आहे. ‘इंग्रजी अग्रलेख वाच, शब्द वाढतील’ असं कुणीतरी सांगितल्यापासून ती रोज पंचवीस शब्द अर्थासह वहीत उतरवते. दोनशे पानी चार वह्या भरल्या. ‘बाई, चेडू राती बारापर्यंत शब्द लिवता, पण निकाल काय लागणा नाय,’ असं ते लिहितात. यंदाच्या हंगामाचे पैसे तिच्या पुण्यातल्या क्लाससाठी आणि राहण्यासाठी घालावेत का, हा त्यांचा प्रश्न. सोबत तिच्या शेवटच्या सराव परीक्षेचा तपशील आणि वहीच्या दोन पानांचे फोटो आहेत.

सप्रेम नमस्कार.

तो तपशील पाठवलात हे फार बरं केलंत. इंग्रजीचे ३० प्रश्न, वेळ २० मिनिटं. तिने २७ सोडवले, १३ बरोबर, १४ चूक. प्रत्येक चुकीला पाव गुण जातो, म्हणजे साडेतीन गेले आणि हाती साडेनऊ राहिले. ती चौदा उत्तरं मी एकेक करून पाहिली. नऊ चुका उताऱ्यातल्या आणि गाळलेल्या जागांच्या परिच्छेदातल्या आहेत. तीन चुका वाक्यातला दोष शोधण्याच्या, दोन वाक्यांचा क्रम लावण्याच्या. शब्दाचा अर्थ सरळ विचारणारे प्रश्न दोनच होते, आणि ते दोन्ही तिचे बरोबर आले आहेत. ज्यासाठी चार वह्या भरल्या ते तिला येतं. गाडी अडते ती सलग वाचताना.

आता तिच्या वहीबद्दल. अक्षर सुरेख आहे आणि मेहनत पानापानावर दिसते. पण एका ओळीत ‘एक्झॅसर्बेट’ आणि त्यापुढे ‘वाढवणे’ एवढंच लिहिलं आहे. एवढ्या अर्थावर ‘आनंद एक्झॅसर्बेट केला’ हेही वाक्य तिला बरोबर वाटेल. तो शब्द येतो संकट, वाद, टंचाई, आजार यांच्या जोडीने. मुळात वाईट असलेलं आणखी वाईट होतं तेव्हा. आपल्याकडे प्रश्न चिघळतो, जखम चिघळते. आनंद चिघळत नाही, हे तिला कुणी शिकवलं नाही. ऐकून ऐकून कळलं. इंग्रजी शब्दाचाही असाच शेजार असतो, आणि वहीत शब्द एकटा उतरवला की तो शेजार सुटतो. परीक्षेत गाळलेल्या जागी नेमका तोच विचारतात.

म्हणून तिने वही थांबवू नये, बदलावी. सुटा शब्द न लिहिता अग्रलेखातला पूर्ण शब्दसमूह लिहावा, आणि समोर त्याचा कोशातला अर्थ न लिहिता आपल्या मराठी अग्रलेखात त्या जागी काय आलं असतं ते लिहावं. ‘कर्ब इन्फ्लेशन’ म्हणजे महागाईला वेसण घालणे. ‘ब्रेक द इम्पास’ म्हणजे कोंडी फोडणे. ‘बेअर द ब्रन्ट’ म्हणजे झळ सोसणे. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे कानाडोळा करणे. ते डोळ्याबद्दल बोलतात, आपण कान आणि डोळा दोन्ही घेतो. ‘रीक हॅव्हॉक’ म्हणजे थैमान घालणे. यातलं ‘रीक’ हे क्रियापद एरवी फारसं भेटत नाही, आणि आपलं थैमानही ‘घालणे’ सोडून दुसरं क्रियापद सहसा घेत नाही. अशा दहा जोड्या तिने स्वतः शोधून काढल्या की तिचं तिलाच जाणवेल, मराठी वाचून आलेली समज इंग्रजीतही कामाला येते. मराठी माध्यम ही अडचण आहे असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. मला तसं वाटत नाही. रोज मराठी पेपर वाचणाऱ्या मुलीकडे निम्मा माल आधीच असतो.

पोंभुर्ले तुमच्याच तालुक्यातलं. तिथे जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापत. तुमच्या लेकीने नेमकं असंच वाचावं असं मी सांगते आहे. आज त्यासाठी साधनं भरपूर आहेत. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची अनेक प्रसिद्धिपत्रकं इंग्रजी आणि मराठी दोन्हींत संकेतस्थळावर फुकट मिळतात. ‘योजना’ मासिकही दोन्ही भाषांत निघतं. ही भाषा रुक्ष आहे खरी, पण सुरुवातीला रुक्ष भाषाच बरी, कारण वाक्यं सरळ असतात. विषय आधी तिथे वाचावा, इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख त्यानंतर.

मी वेंगुर्ल्याला मराठी शाळेत शिकले. कॉलेजात असताना मांडीवर शब्दकोश घेऊन पहिला इंग्रजी अग्रलेख वाचायला बसले, तर दोन तास लागले आणि शेवटी लेखाचं म्हणणं काय ते सांगता येईना. तिसऱ्या आठवड्यात नाद सोडला. पुढे एकदा अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी इंग्रजी अग्रलेख हाती आला आणि तो समजला. आदल्या रात्री रेडिओवर सगळं मराठीत ऐकलं होतं. विषय ओळखीचा होता, म्हणून अनोळखी शब्दही वाक्यातून आपोआप उलगडले. तेव्हापासून मी मुलांना सांगते, आधी विषय मराठीत समजून घ्या, मग इंग्रजी अग्रलेखाकडे जा.

रोजचा क्रम असा ठेवावा. एकच अग्रलेख. पहिलं वाचन शब्दकोशाविना, घड्याळ लावून दहा मिनिटं. मग कागद पालथा घालून मराठीत तीन वाक्यं लिहायची: प्रश्न काय आहे, संपादक कोणत्या बाजूला आहे, तो उपाय काय सुचवतो. हे तीन वाक्यांचं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात मोलाचंही, कारण उताऱ्याखालचे बरेचसे प्रश्न याच तीन गोष्टींवर असतात. दुसऱ्या वाचनात ‘हाउएव्हर’, ‘डिस्पाइट’, ‘नेव्हरदलेस’ असे वळण घेणारे शब्द अधोरेखित करावेत. संपादकाचं खरं मत बहुतेकदा त्यांच्या पुढे असतं, आणि वाक्यांचा क्रम लावतानाही तेच धागा दाखवतात. शब्दकोश तिसऱ्या वाचनाला उघडायचा, आणि पाचच शब्दसमूह वहीत जायचे. पंचवीस नकोत. एखादा शब्द आठवड्यात दुसऱ्यांदा भेटला तर त्याचा पहिला मान.

शब्दयोगी अव्ययंही त्या समूहातच टिपावीत. आपण मराठीत ‘त्याबद्दल चर्चा केली’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘डिस्कस’पुढे ‘अबाऊट’ लावतो, आणि ते तिथे चालत नाही. दोष शोधण्याच्या तीन चुकांतली एक हीच आहे.

काही शब्द फसवे असतात. बँकेतून कर्ज ‘सँक्शन’ झालं की तुम्हाला आनंद होतो, कारण तिथे अर्थ मंजुरी. तोच शब्द अनेकवचनी होऊन रशिया किंवा इराणवरच्या अग्रलेखात आला की अर्थ निर्बंध. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. इथे फक्त मागचं पुढचं वाक्यच वाचवतं, यादी नव्हे. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘आजच्या अग्रलेखातले शब्द’ अशा तयार याद्यांवर माझा म्हणूनच राग आहे. दुसऱ्याने वाचून काढलेले शब्द आपल्या डोक्यात रुजत नाहीत.

उजळणीचं तुम्हीच तिला समजावू शकाल. तुडतुड्यांसाठी मोहरावर एकदा फवारणी करून तुम्ही हंगामभर निर्धास्त बसत नाही, वेळापत्रक ठेवता. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. तेव्हा पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. इंग्रजी बाजू झाकून मराठीवरून इंग्रजी आठवायचं. तिच्या चार वह्यांतली बरीचशी पानं लिहिल्यानंतर पुन्हा उघडलेली नाहीत, हे तिने स्वतःच फोटोखाली प्रामाणिकपणे लिहिलंय.

विषय निवडताना बँकेच्या परीक्षेचा विचार करावा. रिझर्व्ह बँकेची व्याजदर ठरवणारी सहा सदस्यांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत त्यावर अग्रलेख येतात. ते अजिबात चुकवू नयेत. तिथे ‘हॉकिश’ आणि ‘डव्हिश’ भेटतील, म्हणजे महागाई रोखायला व्याजदर चढे ठेवू पाहणारा ससाणा आणि वाढीसाठी ते उतरवू पाहणारं कबुतर. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पानंतरचा आठवडाही तसाच. शिवाय आपल्या किनाऱ्यावरचे विषय: मे २०२१ चं तौक्ते वादळ, पश्चिम घाटाचं संवेदनशील क्षेत्र, पर्ससीन म्हणजे मोठ्या जाळ्याने घेरून करायच्या मासेमारीचा वाद. तौक्तेत झाडाखाली किती आंबा पडला होता ते जिने पाहिलंय, तिला त्या वेळचे जुने इंग्रजी अग्रलेख परके वाटणार नाहीत.

ती स्टाफ सिलेक्शन कमिशनचीही, म्हणजे केंद्र सरकारी नोकरभरतीची परीक्षा देणार आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तिथलं गणित निराळं आहे. पदवीधर स्तराच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना असतात, आणि समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, शब्दसमूहाबद्दल एक शब्द हे तिथे थेट विचारतात. त्यासाठी अग्रलेख पुरत नाहीत; जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात. त्या चार वह्या तिथे नक्की कामी येतील. टाकून देऊ नका.

आता पुण्याचं. फक्त इंग्रजीसाठी यंदा पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिची चूक ज्या प्रकारची आहे ती क्लासात बसून सुटत नाही, रोजच्या चाळीस मिनिटांच्या एकट्या वाचनाने सुटते, आणि ते देवगडातही होतं. गणित आणि बुद्धिमत्तेचे गुण तुम्ही कळवलेले नाहीत. ते कमी असतील तर मी माझं मत बदलायला तयार आहे. पण एक उणीव खरी आहे: तिला सोबत नाही. तालुक्याच्या ग्रंथालयात किंवा अभ्यासिकेत परीक्षा देणारं दुसरं कुणी असेल, तर दोघींनी एकच अग्रलेख वाचून संध्याकाळी फोनवर त्यावर वाद घालावा. घरी नेटवर्क जात असेल तर ग्रंथालयात आठवड्याचे लेख उतरवून घ्यावेत. आणि रात्री बारापर्यंत जागणं बंद. पेट्या भरायच्या दिवसांत तिला पहाटेची वेळ द्या, बागेत जायच्या आधीची.

पुढच्या रविवारपर्यंत तिने सहा अग्रलेखांची तीन-तीन वाक्यं मराठीत लिहून मला पाठवावीत, सोबत त्या लेखांची कात्रणं. मी तपासून कुठे अर्थ निसटला ते खूण करून परत पाठवीन. गणिताचे गुणही त्याच पाकिटात घाला.