सांगलीच्या कॉलेजात अंतराळात जाण्याजोगं उपकरण बनेल का?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहोत, चौघं आहोत, छोटा उपग्रह करायचाय, सुरुवात कुठून करू?

उपग्रहाचा नाद आधी सोडा. पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजचा उपग्रह ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये गेला. वजन जेमतेम किलोभर, पण त्यामागे विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या खपल्या. आता सोपी वाट आहे. पीएसएलव्ही या रॉकेटचा वापरून झालेला चौथा टप्पा इस्रो कक्षेत काही काळ चालू ठेवते, त्याला ‘पोएम’ म्हणतात. वीज आणि संदेशवहन तिथलं, उपकरणाचा डबा तुमचा. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर २४ उपकरणं होती, त्यात कॉलेजांचीही होती. अर्ज इन-स्पेसकडे (खासगी आणि कॉलेजांच्या अंतराळ कामांना परवानगी देणारी सरकारी संस्था) करायचा.

माझं मत विचाराल तर गॅमा किरणांचा छोटा डिटेक्टर करा. १ सेंटिमीटर बाजूचा, सीझियम आयोडाइडचा (थॅलियमवाला) घनाकृती स्फटिक, जो गॅमा किरण आदळला की चमकतो, आणि त्याला चिकटवलेला ६ मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे तो मंद उजेड टिपणारा सेन्सर. त्याला ३० व्होल्टच्या आतबाहेर पुरतात. गायगर नळीला (किरणं मोजायचं दुसरं साधन) ४०० व्होल्ट लागतात, आणि रॉकेट वर चढताना हवा विरळ होते तेव्हा नेमकी तेवढ्या व्होल्टलाच ठिणगी पडते. स्फटिकाला प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप तीन-चार पदर गुंडाळा, वरून काळं आवरण. नंतर टॉर्च मारून बघा. मोजणी वाढली तर कुठून तरी उजेड शिरतोय. पहिल्या जोडणीत बहुतेकदा शिरतोच.

खरी मेख तापमानात आहे. सेन्सरचा ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो काम करू लागतो) दर अंशाला साधारण २१ मिलिव्होल्टने वाढतो (मॉडेलनुसार फरक पडतो, डेटाशीट बघा). तुम्ही त्याच्यावर अडीच व्होल्ट जादा देत असाल, तर तापमान २० अंश वाढल्यावर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) सुमारे १७ टक्क्यांनी घसरतो आणि अख्खा स्पेक्ट्रम (कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा आलेख) सरकतो. म्हणून थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा भाग) सेन्सरच्या पाठीला चिकटवा, पीसीबीच्या कोपऱ्यात नको. उणे १८ (घरचा डीप फ्रीझर), ४-५ (साधा फ्रिज), खोलीचं तापमान आणि ४५ अंश, अशा चार ठिकाणी रीडिंग घेऊन तक्ता बनवा. फ्रीझरमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. पावसाळ्यात तर नकोच. दव धरतं आणि हा स्फटिक थोडा ओल पितो. सिलिका जेलसकट झिप पिशवीत गरम होऊ द्या.

कॅलिब्रेशनला, म्हणजे आलेखावरची कुठली जागा किती ऊर्जेची ते ठरवायला, परवान्याचा किरणोत्सारी स्रोत शोधत बसू नका. कृषी सेवा केंद्रातून म्युरेट ऑफ पोटॅश हे खत आणा, दोन किलो पुरे. त्यातलं पोटॅशियम-४० हे १४६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा देतं. स्फटिक छोटा असल्यामुळे शिखर बुटकं येतं, म्हणून एक रात्र पोटॅशसह आणि एक रात्र पोटॅशशिवाय मोजून वजाबाकी करा. दुसरा बिंदू फुकट मिळतो: आकाशातून सतत येणारे म्युऑन नावाचे कण, दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे एक. ते या स्फटिकात साडेपाच मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास पसरट उंचवटा देतात. तुमचा अँप्लिफायर त्याआधीच सॅच्युरेट होत असेल, तर गेन कमी करा.

सुट्या भागांत लोक फसतात ते इथे: पीव्हीसीची वायर निर्वातात वायू सोडते, म्हणून टेफ्लॉन इन्शुलेशनची घ्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नकोत, सिरॅमिक वापरा. हार्डवेअरच्या दुकानातले झिंक प्लेटिंगचे स्क्रू नकोत, स्टेनलेसचे घ्या. शिशाविरहित सोल्डरवर कथिलाचे केसासारखे बारीक तंतू उगवून शॉर्ट होतो, ६३/३७ (६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं) वापरा. हवा नसल्याने पंखा कामाचा नाही, रेग्युलेटरची उष्णता थेट डब्याच्या धातूत उतरवावी लागते.

डबा कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही चांगल्या सीएनसीवाल्याकडे ६०६१ ॲल्युमिनियमचा होतो. ड्रॉइंगवर दोन गोष्टी ठळक लिहा: आरपार नसलेल्या स्क्रूच्या भोकांतून अडकलेली हवा निघायला वाट ठेवायची, आणि ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा, वीज न वाहणारा थर चढवणं) करताना खालचा टेकणारा पृष्ठभाग झाकायचा, नाहीतर तिथला अर्थिंगचा संपर्क जातो.