पिस्टनला खिसे कशाला?

प्रश्न : माझी जुनी चेनसॉ 45 सीसीची होती. आता छाटणीसाठी 35 सीसीची नवी घेतली आहे. पेट्रोल खरंच कमी लागतं, वासही फारसा येत नाही. पण सकाळी सुरू करून एकदम रेस दिली की क्षणभर गुदमरते, मग उचलते. आमचे मिस्त्री म्हणतात, ‘कंपनीने सेटिंग लीन, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, ठेवलंय; कार्बोरेटरचा स्क्रू जरा मोकळा करू, मग बघा कशी पळते.’ करू द्यावं का?

उत्तर : नका करू देऊ. मिस्त्रींवर रागावूही नका. हीच चूक मी केलेली आहे, आणि त्याआधी एक मूर्खपणाही.

तुमच्या करवतीत आहे त्या नव्या जातीचं टू-स्ट्रोक इंजिन माझ्या टेबलावर पहिल्यांदा आलं तेव्हा सिलिंडर उचलून पिस्टन हातात घेतला, तर गजनपिनच्या, म्हणजे पिस्टन दांड्याला जोडणाऱ्या खिळीच्या, वरच्या अंगाला, दोन्ही बाजूंनी, अंगठा टेकेल एवढे खोलगट खाचे. वाटलं, आधीच्या कुणा शहाण्याने कानस मारून पिस्टनची वाट लावली. मालकाला तसं सुनावलंदेखील. तो बिचारा म्हणाला, ‘अहो, मशीन आज पहिल्यांदाच उघडतंय.’ मग चष्मा लावून नीट पाहिलं. कानशीचा एक ओरखडा नाही, कडा ओतकामातल्या, दोन्ही खाचे तंतोतंत जुळे. तेव्हापासून मी त्यांना खिसे म्हणतो. तुमच्या करवतीचा सगळा स्वभाव त्या दोन खिशांत आहे.

टू-स्ट्रोकचं दुखणं जुनं आहे. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टचं पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं भोक, उघडतं; पाठोपाठ क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतून, पेट्रोल-हवेचं मिश्रण वर आणणारी ट्रान्सफर पोर्टं. ताज्या मिश्रणाने आत शिरायचं आणि जळलेल्या वायूला ढकलून बाहेर काढायचं. पण दोन्ही दारं एकाच वेळी उघडी! आलेल्यातलं काही तसंच मागच्या दाराने निघून जातं. मिनिटाला 12,000 फेरे म्हणजे सेकंदाला 200. एका फेऱ्याला 5 मिलिसेकंद, आणि त्यात ट्रान्सफर उघडं असतं जेमतेम दोनेक मिलिसेकंद. एवढ्याशा वेळात जुन्या इंजिनात 30 टक्क्यांपर्यंत पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून जायचं. जुन्या करवतीवर काम केलं की संध्याकाळी कपड्यांना येणारा तो वास आठवतो ना? त्यात धुराइतकंच कच्चं पेट्रोलही होतं.

अमेरिकेत हातातल्या छोट्या इंजिनांच्या धुरावर 1990 च्या दशकात नियम कडक झाले आणि कंपन्यांना हे गळतं दार बुजवणं भाग पडलं. व्हॉल्व्ह बसवावेत तर वजन वाढतं. उपाय निघाला तो असा : ताज्या मिश्रणाच्या पुढे नुसत्या हवेची एक तुकडी पाठवायची. हुस्कवार्नाने याला एक्स-टॉर्क नाव दिलं, श्टिलने टू-मिक्स. गाभा एकच.

आता खिसे बघा. पिस्टन वर जातो तेव्हा क्रँककेसमध्ये ओढ तयार होते. त्याच वेळी खिसा बरोबर अशा जागी येतो की एका बाजूला स्वच्छ हवेची वाट आणि दुसऱ्या बाजूला ट्रान्सफरच्या नळीचं वरचं तोंड, दोन्ही त्यातून जोडली जातात. हवा वरच्या तोंडातून नळीत भरते, मिश्रण तिच्याखाली राहतं. पिस्टन खाली आला, ट्रान्सफर उघडलं, की सिलिंडरमध्ये आधी शिरते ती ही हवा. जळकट वायू तीच बाहेर हाकलते, आणि मागच्या दाराने कुणी निसटलंच तर तेही तीच. मिश्रण मागून निवांत येतं. सिलिंडरमध्ये एकही जादा हलता भाग न घालता, नुसत्या पोकळीच्या आकाराने साधलेलं हे काम मला अजून थक्क करतं.

तुमच्या गुदमरण्याचं मूळही इथेच आहे. या इंजिनांच्या कार्बोरेटरला दोन वाटा असतात, एकीतून पेट्रोल मिसळलेली हवा, दुसरीतून कोरडी. दोन्हींच्या झडपा एकमेकींना जोडलेल्या असतात. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, कोरडी वाट बंद असते, थोडी रेस दिल्यावर उघडू लागते. थंड इंजिनाला तुम्ही एकदम पूर्ण रेस दिली की हवा धावत येते, पेट्रोल मागे रेंगाळतं, आणि थंड सिलिंडरमध्ये त्याची नीट वाफही होत नाही. म्हणून ती क्षणभराची आचकी. सुरू केल्यावर मिनिटभर हलक्या रेसवर गरम होऊ द्या, मग लाकडाला लावा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

गरम झाल्यावरही गुदमरत असेल तर मात्र दुर्लक्ष नको. एअर फिल्टर धुवा, पेट्रोलच्या टाकीतला छोटा फिल्टर बदला, आणि कार्बोरेटर व सिलिंडर यांच्यामधलं रबर वाकवून, बोटांनी ताणून पाहा. त्याला केसाएवढी चीर गेली तरी फुकटची हवा आत जाते. लीन म्हणतात ते खरं हे. अशाने पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरतो, म्हणजे अडकून बसतो.

राहिला स्क्रू. जुन्या करवतीत पूर्ण रेसवर, लाकडाबाहेर, इंजिन किंचित ‘फडफड’ करायला लागेपर्यंत एच-स्क्रू, म्हणजे पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू, मोकळा करायचा आणि लाकडात घातल्यावर ती फडफड गेली की सेटिंग जमलं, असं आम्ही कानाने शिकलो. या इंजिनांत ती फडफड स्पष्ट ऐकूच येत नाही. मिस्त्री तिची वाट बघत पाव फेरा मोकळा करतो, आणखी पाव करतो... मी तेच केलं होतं. पंधरा दिवसांत करवत परत आली : लाकडात दम तोडते, धूर काढते, आणि सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळी काजळीने पुरती बुजलेली. तेव्हापासून मी या मशीनना टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारं यंत्र, लावतो आणि पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावरच थांबतो. मिस्त्रींकडे टॅकोमीटर असेल तर खुशाल हात लावू द्या.

प्रश्न : पेट्रोलमध्ये ऑइल थोडं जास्त टाकलं तर इंजिन जास्त टिकेल ना?

उत्तर : नाही. पुस्तिकेत 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, मोजून. ऑइल वाढवलं की तेवढं पेट्रोल घटतं, म्हणजे मिश्रण उलट लीनच होतं, आणि काजळी वाढते ती वेगळी. पैसे घालायचेच असतील तर ऑइलच्या दर्जात घाला. डब्यावर जासो एफडी (JASO FD, टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं बघून घ्या. महिन्यापेक्षा जुनं मिक्स वापरू नका.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे. धूर कमीच करायचा तर चेनसॉला सरळ फोर-स्ट्रोक इंजिन का बसवत नाहीत?

उत्तर : एकदा झाडावर चढलेल्या माणसाच्या हातातली करवत बघा. आडवी, उलटी, नाक खाली. फोर-स्ट्रोकचं ऑइल तळाशी साठतं. मशीन उलटं झालं की ते भलतीकडे जाणार. वर व्हॉल्व्ह, कॅम, त्यांचं वजन. टू-स्ट्रोकचं पेट्रोल मात्र डायफ्रॅमच्या कार्बोरेटरमुळे कुठल्याही कोनात पोचतं. तिथे तरंगणारा फ्लोट नाही, क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर एक पातळ पडदा पंपासारखा हलतो.

तरी प्रयोग झाले. श्टिलच्या फोर-मिक्स इंजिनाला व्हॉल्व्ह आहेत, पण ऑइलची टाकी नाही. पेट्रोलमधलं ऑइलच सगळीकडे फिरतं. ते गवत कापायच्या मशीनमध्ये रमलं. आणि 1970 च्या दशकात साक्स-डोल्मारने वान्केलचं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन घालून केएमएस 4 नावाची चेनसॉ चक्क बाजारात आणली होती. टिकली नाही, पण हिंमत बघा!

प्रश्न : हल्ली स्क्रू नसलेले, स्वतःच ट्यून होणारे कार्बोरेटर आलेत म्हणे. त्यांना बॅटरी लागते का?

उत्तर : नाही. फ्लायव्हीलवरचं, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावरचं, चुंबक प्लगसाठी वीज बनवतंच, त्यातलीच चिमूटभर हा छोटा मेंदू घेतो. एक इवलीशी सोलेनॉइडची, म्हणजे विजेने हलणारी, झडप पेट्रोल कमीजास्त करते, आणि फेरे वाढले की घटले ते बघून किती करायचं ते मेंदू ठरवतो. श्टिलने 2019 मध्ये एमएस 500आय आणली, तिच्यात तर कार्बोरेटरच नाही, त्याऐवजी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन. बॅटरी तिलाही नाही. पण ती 79.2 सीसीची. छाटणीच्या कामाला ती घेऊ नका, खांदा बोलेल.